सातशे तेरा ओळी

“याला नेट लागतं का?” सरांनी विचारलं.

“लागतं, सर. पहिल्यांदा एकदाच. मग सगळं आपल्या मशीनवर साठून राहतं.”

“अस्सं.” त्यांनी माझा कागद जवळ धरला, लांब धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि पुन्हा जवळ धरला.

सांगलीत विश्रामबागेतलं त्यांचं घर, सोमवारची संध्याकाळ आणि टीपॉयवर काकूंनी ठेवलेली भडंगाची ताटली. कागदावर मी पंधरा दिवस खपून केलेला तक्ता होता. प्रोग्रॅम नुसता लिहून भागत नाही, तो बांधावा लागतो. आपण लिहिलेला भाग आणि जगभरच्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेले तयार तुकडे, योग्य आवृत्तीचे, योग्य क्रमाने एकत्र आणावे लागतात. हे काम करणाऱ्या तीन टूल्सची मी तुलना केली होती. डावीकडच्या रकान्यात अँट, जे सर चौदा वर्षं वापरत होते. मध्ये मेव्हन. उजवीकडे ग्रेडल, ज्याच्या मी प्रेमात पडले होते. सर लागणारे तेवीसच्या तेवीस तुकडे एका फोल्डरमध्ये वर्षाचं धान्य भरावं तसे भरून ठेवायचे. माझं टूल जे लागेल ते लागेल तेव्हा नेटवरून आणायचं.

“आणि याला,” सरांनी उजव्या रकान्यावर बोट ठेवलं, “याला नेट लागतं का गं?”

“हो सर. आत्ताच सांगितलं.”

“हं. हं.” त्यांनी चहाचा घोट घेतला, कप सावकाश बशीत ठेवला. “रेवती, हे तू फार छान केलंयस. पण एक सांग मला. याला नेट...”

“लागतं! लागतं, सर! तीनदा सांगून झालं!”

स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. “रेवती, जरा हळू बोल गं,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, नवऱ्याशी कुणी चढ्या आवाजात बोललेलं या बाईला खपत नाही. आणि सरांबद्दल वाटलं, म्हातारा मुद्दाम छळतोय. माझं टूल जिथे लंगडं पडतं नेमकं तिथेच बोट ठेवून मला दमवतोय. मी मूळची भांडकुदळ, त्यात तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. जगातलं सगळं मला कळत होतं.

“मग लावू या समोरासमोर,” मी म्हणाले. “रविवारी सगळे जमणारच आहेत. दोन कोरी मशीन मांडू. एकावर तुम्ही बांधा, एकावर मी बांधते. आणि मग मत घेऊ.”

मला वाटलं होतं, सर टाळतील. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“चालवून दाखवायचं? सगळ्यांसमोर? अगं, झकास! सुलू, ऐकलंस का? रविवारी मी चालवून दाखवणार आहे!”

भडंगाची ताटली अजून भरलेलीच होती, ती काकूंनी उचलून आत नेली.

सरांचं नाव विद्याधर कुंभोजकर. पॉलिटेक्निकला त्यांनी मला दोन वर्षं शिकवलं होतं. जवळच्या एका अंधशाळेत सात मुलं एकाच पुस्तकावर पाळीपाळीने बोटं फिरवताना पाहून आले आणि घरी बसून त्यांनी ‘ठिपका’ लिहायला घेतला. मराठी मजकूर आत टाकला की ब्रेलचे ठिपके होऊन बाहेर येतो, असा प्रोग्रॅम. फुकट, आणि कुणीही उघडून बघावा, सुधारावा असा. पहिली काही वर्षं ते एकटेच होते. मग त्यांनी एकेक विद्यार्थी ओढून आणला, त्यातली मी एक. माझी पहिली सुधारणा त्यांनी अकरा वेळा परत पाठवली होती. बाराव्यांदा घेतली, त्या दिवशी पेढे घेऊन आमच्या घरी आले आणि माझ्या आईला म्हणाले, “तुमची मुलगी हट्टी आहे, फार उपयोगी पडेल.”

त्या वर्षी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, ठिपक्यात आम्ही एकोणीस जण होतो. नवीन मुलं यायची आणि पळून जायची, कारण सरांच्या पद्धतीने नुसता प्रोग्रॅम बांधण्यातच त्यांचे पहिले चार दिवस जायचे. अडलं की सरांना विचारायचं. आणि वर्षभर सरांची उत्तरं ठरलेली: “राहू दे ते तसंच.” “त्याला हात लावू नकोस.” का, ते सांगायचं नाही. माझ्या तर डोक्यात तिडीक जायची. शिकवताना ‘का’ विचारल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस हा!

मी टूल बदलायची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली होती: ‘माझी बांधणी निघाली की मीही निघालो.’ सगळ्यांनी ती धमकी समजली. म्हणजे रविवारचं मत नुसतं टूलचं नव्हतं. सरांची चौदा वर्षं राहणार की जाणार, याचं होतं. आणि सर गेले तर ठिपका कुणाच्या हातात येणार हेही उघड होतं. ते मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ती शुद्ध थाप होईल. मला ठिपका हवा होता.

गुरुवारी दुपारी मी मिरजेला इरफानकडे गेले. इरफान मुजावर, ठिपक्यातला माझा जोडीदार. त्याचा कॉम्प्युटर क्लास होता, दुपारी रिकामा असायचा. तिथे आम्ही रविवारसाठी दोन मशीन तयार करत होतो. नियम मीच केले होते. नेट सोडलं तर बाहेरून काही आणायचं नाही, पेन ड्राइव्ह नाही, वही नाही, चिठ्ठी नाही. मशीनवर आणि नेटवर असेल तेवढ्यावरच बांधायचं.

“तुझी बांधणीची फाइल किती ओळींची?” इरफानने विचारलं.

“एकसष्ट.”

“आणि सरांची अकराशे चाळीस. पण यातल्या निम्म्याहून जास्त कॉमेंट आहेत, बरं का. सगळ्या मराठीत.”

कॉमेंट म्हणजे माणसांसाठी लिहून ठेवलेली टीप. मशीन ती वाचत नाही, ओलांडून पुढे जातं.

“काढून टाकू मग त्या,” मी म्हणाले. “नाहीतर म्हणतील, ओळी मोजताना रेवतीने लबाडी केली. कामाच्या ओळी तेवढ्या ठेवू. तुलना कशी बरोबरीची हवी.”

“अगं, वाच तरी आधी. बरंच काय काय लिहिलंय. तारखा आहेत, नावं आहेत.”

“चौदा महिने त्यांनी दुसरं केलंय काय? कोडची एक ओळ नाही. नुसत्या टिपा वाढवत बसलेत. कालसुद्धा एक वाढवली. मी तक्त्यात तसं लिहिलंच आहे.”

आणि लिहिलं होतंच. ‘मुख्य व्यक्तीकडून चौदा महिन्यांत एकही उपयोगी बदल नाही.’ हे वाक्य मी सगळ्यांना पाठवलं होतं, सरांसकट.

“तू ना, आपलंच घोडं फार पुढे दामटतेस,” इरफान म्हणाला.

“कॉमेंट मशीन वाचत नाही, इरफान.”

दोन ओळींची कमांड होती ती. एंटर दाबलं आणि सातशे तेरा ओळी गेल्या, चारशे सत्तावीस उरल्या. जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात सगळं शाबूत राहतं, त्यामुळे आपण कुणाचं काही पुसतोय असं आमच्या धंद्यात कुणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नाही. ती उघडी फाइल मी सरांच्या तुकड्यांच्या फोल्डरसकट त्यांच्या मशीनवर टाकली. त्यातली एकही टीप मी वाचली नव्हती.

रविवारी साडेदहाला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल भरला. आमचे सगळे, वर आजूबाजूच्या कॉलेजांतले दहा-बारा जण. सर आले ते पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून, बाह्यांची बटणं लावून. आणि त्यांच्याबरोबर काकू! चौदा वर्षांत काकू कधी ठिपक्याच्या बैठकीला आल्या नव्हत्या.

“काकू, तुम्ही कशा काय?”

“आले आपली. म्हटलं, बघू तरी काय करता,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यात मागच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

प्रोजेक्टर एकच होता, म्हणून आधी मी. मी एक कमांड टाइप केली आणि हात मागे घेऊन उभी राहिले, मोठ्या तोऱ्यात. पण कॉलेजचं नेट त्या दिवशी इतकं रेंगाळत होतं की विचारू नका. एकेक तुकडा उतरतोय, थांबतोय, परत उतरतोय. लोक जांभया द्यायला लागले. दोघं चहा सांगायला खाली गेले आणि चहा घेऊन वर आले तरी माझं चालूच. शेवटी सात मिनिटं चाळीस सेकंदांनी संपलं. मला दरदरून घाम फुटला होता, कारण सरांची पद्धत दोन मिनिटांच्या आत आणि नेटशिवाय चालते हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

“मॅडम, सर जिंकले!” कुणीतरी मागून ओरडलं.

सर उठून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. खरोखर कौतुकाने. मला त्या टाळ्याही झोंबल्या.

मग सर बसले. सगळ्यांना नमस्कार केला. फाइल उघडली. पडद्यावर ती मोठी होऊन दिसत होती. सर खाली गेले. वर आले. पुन्हा पार तळापर्यंत गेले, पुन्हा वर आले. माउसच्या चाकाचा कुरकुर आवाज तेवढा येत होता. एक मिनिट गेलं. दोन गेली.

“रेवती,” ते हळूच म्हणाले, “इथलं... इथे होतं ना...”

“काय, सर?”

“ते. लिहिलेलं.”

“कॉमेंट होय? त्या काढल्यात, सर. तुलना बरोबरीची व्हावी म्हणून. कामाचं सगळं आहे.”

“कामाचं,” सर म्हणाले. मान हलवली. मग एक कमांड टाइप केली. लाल अक्षरं आली: जावा सापडत नाही. जावा म्हणजे ठिपका ज्याच्यावर चालतो ते. ते मशीनवर कुठे आहे हे सरांच्या पद्धतीत आधी सांगावं लागतं, पहिलीच पायरी. सरांनी तीच कमांड पुन्हा टाइप केली. तीच लाल अक्षरं. पुन्हा तीच. पाच वेळा. त्यांचे कान लालबुंद झाले होते. मग थोडं थांबून त्यांनी इंग्रजी अक्षरांत स्वतःचं नाव टाइप केलं, विद्याधर, आणि एंटर दाबलं. अशी कमांड अस्तित्वात नाही, असं मशीनने सांगितलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

आता खरं सांगते. मला त्या क्षणी हायसं वाटलं. भीती गेली आणि तिच्या जागी आनंदाची उकळी फुटली की आपण हरत नाही आहोत. मी माइक उचलला.

“सर, मदत करू का?”

हॉल हसला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नव्हतं ना माझ्या.

“बघा मंडळी, माझा मुद्दा नेमका हाच आहे. ज्याने लिहिलं त्यालाच चालवता येत नाही, तर नव्याने आलेल्याने काय करायचं?”

मोठा हशा झाला. टाळ्याही पडल्या. सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. राग नव्हता आवाजात. मग ते हॉलमध्ये कुणाला तरी शोधायला लागले, एकेक रांग डोळ्यांनी चाचपत. काकू तोवर मागून निघाल्याच होत्या. त्यांनी येऊन सरांचा हात धरला. सरांनी त्यांना काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. “हो, हो. चला आता,” काकू म्हणाल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मत झालं. सतरा विरुद्ध एक. एक मत इरफानचं होतं.

“तुला तर ग्रेडलच हवं होतं,” मी जिन्यात त्याला गाठून म्हणाले.

“टूल चांगलंच आहे तुझं,” तो म्हणाला. “पण मी हात वर केला असता तर त्या हसण्यालाही वर केला असता.”

त्या दिवशी संध्याकाळी मी ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं, सरांच्या चौदा वर्षांच्या योगदानाबद्दल आपण सगळे ऋणी आहोत वगैरे. सरांना फोन केला, लागला नाही. काकूंना केला, उचलला नाही. रुसलेत, मी म्हटलं. येतील ताळ्यावर.

बुधवारी दुपारी इरफान माझ्या ऑफिसात आला. हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा. इतिहासातून त्याने त्या सातशे तेरा ओळी बाहेर काढल्या होत्या.

“आता तरी वाच,” तो म्हणाला. बस म्हटलं तरी बसला नाही.

सुरुवातीच्या टिपा जुन्या होत्या, कामाच्या होत्या. ‘ही जुनी आवृत्तीच ठेवावी. नवीत जोडाक्षरं फुटतात.’ अशा. मग चौदा महिन्यांपूर्वीच्या तारखा सुरू झाल्या.

‘१२ जून. विद्याधर, जावा कुठे आहे ते आधी सांगायचं असतं. कमांड खाली लिहिली आहे. बघून टाइप कर.’

‘३ ऑगस्ट. लाल अक्षरं आली तर घाबरू नकोस. वरची कमांड राहिली आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.’

‘१९ नोव्हेंबर. हा तुकडा का ठेवला ते आठवत नाही. पण ठेवलास म्हणजे कारण असेल. काढू नकोस. मुलांनी विचारलं तर सांग, राहू दे तसंच.’

मी इरफानकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

‘अंधशाळांत नेट नाही. रेवतीच्या टूलला नेट लागतं का ते विचार. विचारलं असशील तर पुन्हा विचारू नकोस, ती चिडते.’

आणि सगळ्यात शेवटची, मी ती फाइल साफ केली त्याच्या आदल्या दिवशीची.

‘रविवार. आधी नमस्कार. मग ही फाइल उघड आणि वरून खाली एकेक करत जा. एकदा सगळ्यांसमोर शेवटचं चालवायचं. झालं की उभा राहा आणि सांग, यापुढे ठिपका रेवती बघेल. तिचं टूल चांगलं आहे हेही सांग. विसरू नकोस.’

ज्या ठिपक्यासाठी मी भांडले तोच मला स्वतःच्या हाताने द्यायला सर आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि ती ग्रुपवरची ओळ धमकी नव्हतीच. त्या फाइलशिवाय त्यांना ठिपक्याला हातच लावता येत नव्हता, एवढंच त्यांनी खरं खरं लिहिलं होतं.

मी तशीच विश्रामबागेत गेले. दार काकूंनी उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाल्या नाहीत. बाहेर आल्या आणि दार मागे ओढून घेतलं.

“काकू, मी आत्ता वाचलं सगळं.”

“दीड वर्ष होत आलं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा मला म्हणाले, पोरांना सांगू नकोस. कळलं तर माझ्या हातातून अलगद काम काढून घेतील आणि वर गोड बोलतील. ते नको होतं त्यांना. रविवारचं ठरल्यापासून रोज तालीम चालली होती. म्हणाले, एवढं एकदा नीट झालं की सुटलो.”

“मला माहीत नव्हतं हो, काकू. देवाशपथ नव्हतं माहीत.”

“नव्हतंच माहीत. पण एक म्हातारा माणूस समोर चाचपडत होता, ते तर दिसत होतं ना? त्याला हसू नये, एवढ्यासाठी आणखी काय माहीत असावं लागतं?”

हातातल्या कागदांची मी घडी घालत राहिले.

“हॉलमध्ये मला काय विचारलं त्यांनी, माहितीये? ‘सुलू, झालं का गं माझं चालवून?’” काकूंचा आवाज तेवढ्यात फाटला. त्यांनी तोंडाला पदर लावला, मग पुन्हा सरळ उभ्या राहिल्या.

“मला आत जाऊ द्या. मला त्यांचे पाय धरायचेत. माफी मागू द्या मला.”

“कसली माफी मागणार?” काकू म्हणाल्या. “रविवारी घरी आल्यापासून खिडकीत बसून होते. लोक का हसले, एवढंच विचारत होते. सोमवारीसुद्धा तेच. जेवले नाहीत. आणि काल सकाळी उठले ते एकदम स्वच्छ. मला म्हणाले, पांढरा शर्ट इस्त्रीला दे, रविवारी जायचंय.”

मला क्षणभर उमगलं नाही.

“विसरलेत गं ते. सगळा रविवार गेला त्यांच्या डोक्यातून. देवाने तेवढी एक दया केली. आता तू माफी मागायची तर आधी त्यांना सांगावं लागेल, कशाची ते. म्हणजे ते परत ऐकणार, परत खिडकीत जाऊन बसणार. ते मी होऊ देणार नाही. तुझ्या मनाचं ओझं तू तुझ्यापाशी ठेव.”

“मग मी काय करू, काकू?”

“ते मला विचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “मी विसरलेली नाही.”

एवढ्यात आतून हाक आली. “सुलू, कोण आहे? रेवतीचा आवाज का तो? अगं, तिला बाहेर काय उभी केलीस!”

काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि दार उघडलं.

सर कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यांच्या मशीनवरची फाइल पूर्ण होती, सगळ्या टिपांसकट. “ये, ये. बरी आलीस. रविवारची तालीम चाललीय. बस अशी इथे.”

मी बसले. सर पडद्यावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत एकेक टीप वाचत होते, मग एक कमांड टाइप करत होते, मग पुन्हा बोट पुढे. एकदा चुकले, लाल अक्षरं आली. “घाबरू नकोस,” ते स्वतःलाच म्हणाले आणि पहिल्यापासून सुरू केलं. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागली. शेवटी पडद्यावर ठिपका उभा राहिला आणि सर खुर्चीत मागे रेलले.

“झालं! पाहिलंस? आणि नेटशिवाय!”

“पाहिलं, सर. फार छान चाललं.”

“याच्यापुढचं तुला आत्ता सांगणार नाही मी,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “ते सगळ्यांसमोर सांगायचंय. तुझ्यासाठीच आहे, एवढं फक्त सांगतो. येशील ना नक्की?”

काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायची हिंमत केली नाही.

“येते, सर.”

“आणि पुढच्या रांगेत बस. ओळखीचं कुणी समोर असलं की मला धीर येतो.”

“बसते.” पुढे काहीतरी बोलणार होते, पण माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. सर घाबरेघुबरे झाले, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“अगं वेडे, रडायला काय झालं?” ते म्हणाले. “रविवार अजून यायचाय.”